सिहोऱ्याचं पांढरं वऱ्हाड

एकोणऐंशी सालच्या पाडव्याच्या सुमारास मार्था सिस्टरच्या लग्नाची चिठ्ठी सिहोऱ्याला आली आणि गावातल्या चाळीसेक माणसांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. त्यातलं सगळ्यांत शांत समजलं जाणारं डोकं जनाबाईचं होतं, आणि खरा घोळ घातला तो तिनंच. पण ते पुढं.

मार्था ही सरकारी नर्स. सहा वर्षांपूर्वी एक सायकल आणि एक पत्र्याची पेटी घेऊन ती गावात आली, तेव्हा तिला खोली द्यायला कोणी तयार होईना. एकटी पोर, त्यात ख्रिस्ती, त्यात सायकलवर बसते. शेवटी भोजराज नावाच्या शेतकऱ्याच्या घरामागच्या खोलीत तिची सोय लागली, कारण त्या खोलीत आधीपासून एक माणूस राहत होतं आणि त्या माणसाकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं. ती जनाबाई. भोजराजच्या थोरल्या भावाची बायको. बावीस वर्षांपूर्वी नवरा पटकीनं गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून पांढरं लुगडं आणि मागची खोली. मार्था अनाथाश्रमात वाढलेली, तिला आई कशी असते ते माहीत नव्हतं. जनाबाईला लेक कशी असते ते माहीत नव्हतं. पहिला महिनाभर दोघींनी एकमेकींवर अंदाजानं प्रयोग केले आणि ते जमले. मार्था तिला माय म्हणू लागली.

माय तिच्यासोबत बाळंतपणांना जाऊ लागली. पाणी तापवायचं, कंदील धरायचा, जन्मलेलं पोर पुसून घ्यायचं. विधवेनं असं करावं का, यावर गावानं काणाडोळा केला, कारण मार्थाच्या हातची एकही बाळंतीण दगावली नव्हती. मोकळ्या वेळात मार्थानं तिला वाचायला शिकवलं, तेही उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेल्या कुटुंबनियोजनाच्या पाटीवरून. जिला एकही मूल नाही ती बाई ‘दोन किंवा तीन पुरे’ यावरून अक्षरं लावायला शिकली. पहिल्यांदा अख्खी ओळ लागली तेव्हा दोघी इतक्या हसल्या की समोरच्या झाडाखाली बसलेले म्हातारे उठून बघायला आले.

दिवाळीनंतर मार्थाची बदली भंडाऱ्याला झाली आणि तिथं शमुवेल नावाच्या ड्रॉइंग मास्तरशी तिचं जमलं. चिठ्ठी त्याच लग्नाची होती. भोजराजना छापील वाचता येई, पण हाताचं लिहिलेलं वाचायला त्यांना धाकटा भाऊ गोपीचंद लागे, म्हणून चिठ्ठी संध्याकाळपर्यंत त्यांच्या खिशात राहिली आणि मग सगळं घर ओसरीवर जमल्यावर वाचली गेली. मार्थानं लिहिलं होतं की मला माहेर म्हणाल तर सिहोराच. भोजराजकाकांनी माझा हात धरून मला चर्चमध्ये न्यायचं आणि लग्न लागताना मायनं माझ्या शेजारी उभं राहायचं. गावातल्या ज्यांना यायचंय त्या सगळ्यांनी यायचं. एकच विनंती, सासूबाई फार काटेकोर आहेत, तेव्हा चर्चमध्ये शोभतील असे अदबीचे कपडे घालून या.

जनाबाई लगेच म्हणाली की माझं काय, मी कशी उभी राहू लग्नात, शकुन उभी राहील. शकुन म्हणजे भोजराजची बायको, शकुनबाई. तिच्या अंगावर हिरवा चुडा, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. जनाबाई हे म्हणाली ती म्हणायची रीत होती म्हणून, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं तेही रीतीप्रमाणेच. पण इतक्या चटकन मान्य केलं की तिला ते लागलं. कोणी एकदासुद्धा “असं कसं” म्हटलं नाही. गावातल्या प्रत्येक लग्नात ती पहाटेपासून राबायची, आणि नवरी मांडवात आली की चुलीपाशी जाऊन बसायची. बावीस वर्षांत तिनं अशी कितीतरी लग्नं नुसती कानानं ऐकली होती. हे एक लग्न तिला डोळ्यांनी बघायचं होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

आता अदबीचे कपडे म्हणजे काय, हा प्रश्न उरला. देवळात जायचं तर आंघोळ करून धुतलेलं नेसायचं, हे सगळ्यांना ठाऊक. पण चर्च कोणी आतून पाहिलं नव्हतं. पोरीलाच विचारू, असं शकुनबाईनं सुचवलं तर भोजराजना ते मुळीच रुचलं नाही. बापाच्या जागी उभं राहायचं आणि कपडे काय घालू म्हणून नवरीला विचारायचं? गोपीचंदनं छातीवर हात ठेवला. त्याला पुढच्या आठवड्यात जमिनीच्या कागदाची नक्कल आणायला भंडाऱ्याला जायचंच होतं. भंडारा त्याला तळहातासारखा पाठ होता, असं तो म्हणे. तो चर्चमध्ये डोकावून सगळं बघून येणार होता.

गोपीचंद भंडाऱ्याला गेला तो शुक्रवार होता. कचेरीला कुलूप. कुलूप का, हे त्यानं कोणाला विचारलं नाही, कारण विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. उलट त्याला बरंच वाटलं, कारण चर्चकडे झुंडीनं माणसं चालली होती. तो खिडकीबाहेर बारापासून तीनपर्यंत भर उन्हात उभा राहिला आणि एस.टी.च्या तिकिटामागं टिपणं काढून घेऊन आला. तो ख्रिस्ती लोकांचा उत्तम शुक्रवार होता, त्यांच्या प्रभूच्या मरणाचा दिवस, वर्षातला एकमेव दिवस ज्या दिवशी ते सगळे सुतकात बसल्यासारखे चर्चमध्ये बसतात, ही गोष्ट त्या तिकिटामागं नव्हती.

त्यानं ओसरीवर वाचून दाखवलं ते असं. बाया झाडून पांढऱ्यात. डोक्यावर पदर. फूल नाही, सोनं नाही, कपाळ कोरं. पुरुष उघड्या डोक्यानं, एकाच्याही डोक्यावर टोपी नाही. कोणी हसत नाही. माना खाली. मधूनमधून सुस्कारा सोडायचा. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या, पण ते सक्तीचं दिसलं नाही.

ओसरीवर हलकल्लोळ झाला. पुरुषांना टोपीचं दुःख होतं. भोजराजनी टोपी आजवर चारचौघांत एकदाच काढली होती, वडील गेले तेव्हा. पण बायांचं दुःख त्याहून मोठं. नवरा धडधाकट असताना पांढरं नेसायचं म्हणजे काय? शकुनबाईनं भोजराजकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “माहा नवरा जित्ता हाये. हा पाहा बसला.” भोजराज जरा सावरून बसले.

दोन दिवस हाच वाद. शेवटी पोरीची सासू काटेकोर आहे या एका गोष्टीनं पारडं फिरलं. ज्या पोरीनं घरोघरची बाळंतपणं केली तिची मान आपल्या लुगड्यापायी खाली जावी, हे एकीलाही सोसवेना. एकेक करत सगळ्या तयार झाल्या. शकुनबाई सगळ्यांत शेवटी. ती म्हणाली, कुंकू मी भांगात भरीन आणि वरून पदर ओढून घेईन. चर्चवाल्यांना दिसायचं नाही आणि देवाला वरून दिसेल.

जनाबाई भिंतीला टेकून हे ऐकत होती. सगळ्या पांढऱ्यात. कपाळं कोरी. सोनं नाही. मग त्यात आपण कोणत्या, हे कोणाला कळणार? हा विचार तिच्या मनात आला आणि तिला एकदम हसूच फुटायला लागलं. ती तोंडात पदर कोंबून मागच्या खोलीत पळाली. आणि तिच्या मनातलं होतं ते भोजराजनीच दुसऱ्या दिवशी बोलून दाखवलं. समदेच पांढऱ्यात, तं वैनीनंच उभं राहावं पोरीजवळ, पोरीची तशीच इच्छा हाये, असं ते म्हणाले आणि शकुनबाईनंही मान डोलावली. जनाबाई मोठ्या गंभीरपणे बरं म्हणाली आणि पुन्हा मागच्या खोलीत पळाली.

मग जनाबाईचे असे दिवस आले की विचारू नका. पंचवीस बायांना पांढरी लुगडी हवी होती, आणि ती होती फक्त गावातल्या विधवांच्या पेट्यांत. ज्यांच्या दारात सणासुदीला कोणी पाय ठेवत नसे त्यांच्या दारी आता सवाष्णी हातात सुपारी घेऊन उभ्या. मागची खोली कशी भरून गेली. पांढरं कसं धुवायचं, नीळ किती घालायची, भाताची पेज किती पातळ करून लावायची, कोणत्या उन्हात वाळवायचं, या विद्येत जनाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ती विद्या आजवर कोणी मागितली नव्हती. ती खाटेवर बसून हुकूम सोडू लागली. सीताबाईला लुगडं मिळालं नाही तर तिला नवऱ्याचं नवं धोतर नेसवलं. एकीनं नीळ जास्त घातली आणि तिचं लुगडं आभाळासारखं निळं निघालं, तर तिला तीन पाण्यांतून काढायला लावलं. नेसून बघायचा दिवस ठरला तेव्हा सगळ्या आरशात बघून आधी मुसमुसल्या आणि मग एकमेकींकडे बघून इतक्या खिदळल्या की भोजराजनी बाहेरून दटावलं. कोणीतरी म्हणालं, जनाबाईवर पांढरं बसतं तसं आपल्यावर नाही बसत. जनाबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

इकडे गोपीचंदनं भोजराजच्या सांगण्यावरून मार्थाला उलटटपाली कळवलं होतं की मी शुक्रवारी चर्चमध्ये स्वतः बघून आलो आहे, चिंता नसावी, तुमच्या रीतीप्रमाणे सर्व मंडळी पांढऱ्या पोशाखात येत आहे.

लग्नाला पाच दिवस राहिले असताना, भर दुपारी, कवडू पोस्टमन दारात आला. घरात जनाबाई एकटी. तिनं चिठ्ठी घेतली, हात लुगड्याला पुसले आणि उंबऱ्यात बसून अक्षरं लावायला घेतली. तिला अर्धा तास लागला. काका, पांढरं नको, मार्थानं लिहिलं होतं. गोपीचंदकाकांनी पाहिलं तो आमच्या दुखवट्याचा दिवस होता. लग्नाला छान रंगीत नेसून या, फुलं माळून, दागिने घालून या. सासूबाईंना उघडीवाघडी आणि मळकी कापडं चालत नाहीत, एवढंच मी म्हटलं होतं. आमच्यात लग्नात पांढरं फक्त नवरी नेसते.

शेवटची ओळ जनाबाईनं तीनदा वाचली. नवरी पांढरं नेसते. म्हणजे बावीस वर्षं आपण नवरीच्या पोशाखात गोठा झाडतोय. तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना, तेव्हा तिला कळलं की हे हसू नव्हे. ही चिठ्ठी संध्याकाळी ओसरीवर वाचली गेली की पंचवीस पेट्या उघडतील आणि पंचवीस रंग बाहेर येतील. त्या रंगांत एकटं पांढरं उठून दिसेल. मग कोणीतरी म्हणेल की शकुननंच उभं राहावं, आणि आपण रीतीप्रमाणे म्हणू, हो, माझं काय.

ती उठली. चुलीत निखारे होतेच. चिठ्ठी घातली, वरून दोन काटक्या घातल्या आणि चहाचं आधण ठेवलं. चहा पिताना तिच्या तोंडावर हसू होतं. बावीस वर्षांत तिनं केलेली ही पहिली लबाडी होती, आणि खोटं कशाला बोला, तिला ती फार आवडली.

लग्नाच्या दिवशी सकाळी तुमसरच्या राईस मिलचा ट्रक आला. त्यात कोंडा सांडलेला, म्हणून बाया भंडाऱ्यापर्यंत उभ्यानंच गेल्या, बसल्या तर लुगडी खराब होतील. वाटेत ज्या ज्या गावातून ट्रक गेला तिथल्या माणसांनी हात जोडले. रस्त्याकडेचा एक म्हातारा तर डोक्यावरचं मुंडासं काढून उभा राहिला. शहरात शिरताना गोपीचंदनं शेवटची ताकीद दिली, हसायचं नाही, मान खाली, सुस्कारे विसरायचे नाहीत. भोजराजनी टोपी काढून घडी करून खिशात ठेवली. कपाळाचा खालचा अर्धा भाग उन्हानं काळा आणि वरचा अर्धा दुधासारखा, असं त्यांचं डोकं त्या दिवशी पहिल्यांदाच भंडारेकरांच्या दृष्टीस पडलं.

चर्चच्या दाराशी सगळ्यांनी सवयीनं चपला काढल्या. चाळीस जोडांचा ढीग झाला. तो बघून नवरदेवाकडचे उशिरा आलेले चार-पाच सूटवाले बुचकळ्यात पडले आणि त्यांनीही आपले बूट काढून ढिगात ठेवले. आत गुलाबी, जांभळे, पोपटी रंग नुसते उसळत होते. रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, फुगे, बायांच्या वेण्यांत हातहातभर गजरे. पेटीवर आनंदाचं गाणं चाललं होतं. आणि त्यात दारातून पांढऱ्या कपड्यांतली, अनवाणी, उघड्या डोक्यांची चाळीस माणसं माना खाली घालून, सुस्कारे टाकत, ओळीनं आत आली.

पेटी थांबली. नवरदेवाची आई एस्तरबाई, किरमिजी शालू नेसलेली, हातातली अक्षतांसारखी कागदाची फुलं तशीच धरून उठली आणि रडायला लागली. कोण, काय, कसं, हे तिला काही माहीत नव्हतं, पण इतक्या माणसांना दुःखात बघून तिला राहवलं नाही. पाळकसाहेब लगबगीनं पुढं आले, भोजराजचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळू आवाजात विचारलं की कोण गेलं. भोजराज म्हणाले, कोणी नाही गेलं जी, समदे आलो.

मार्था बाजूच्या खोलीत होती. पांढरी साडी, डोक्यावर पांढरी जाळी. तिनं दारातून सगळ्यांना पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. ती हसते की रडते ते कोणाला कळेना. तिनं विचारलं की काका, माझी चिठ्ठी नाही का मिळाली? भोजराजनी गोपीचंदकडे पाहिलं, गोपीचंदनं आढ्याकडे. मग मार्थानं सगळं सांगितलं, आणि ती गोष्ट बाकांवरून मागं मागं पोचत गेली तसतसे सुस्कारे बंद पडत गेले. शकुनबाईनं गोपीचंदकडे असं बघितलं की तो चार पावलं मागं सरला. आणि गोपीचंदनं आपली सुटका करून घेण्यासाठी जे हाताशी आलं ते धरलं. चूक कवडूची, तो म्हणाला. चिठ्ठी त्यानंच कुठंतरी टाकली. भोजराजही तापले. उद्या पोस्टमास्तरकडे लेखी तक्रार करतो, त्याची नोकरीच घालवतो, असं त्यांनी भर चर्चमध्ये जाहीर केलं.

जनाबाई खांबाआड उभी होती. इथवर तिच्या पोटात गुदगुल्या होत होत्या, त्या एकदम थांबल्या. कवडूला चार पोरं. चौघंही तिच्या हातात जन्मलेली. आणि या बाया, ज्यांनी छातीवर दगड ठेवून पांढरं नेसलं, त्या सगळ्या रंगांमध्ये कशा ओशाळून बसल्यात. तिनं ठरवलं की संध्याकाळी घरी गेल्यावर सांगायचं. मग तिनं ठरवलं की उद्या सकाळी. मार्थानं हाक मारली, माय, ये ना इथं, तर ती मानेनंच नको म्हणाली आणि खांबाला आणखी चिकटली. ज्यासाठी लबाडी केली तेच आता तिच्यानं होईना.

लग्न सुरू झालं. भोजराजनी मार्थाचा हात धरून तिला पुढं नेलं आणि शमुवेलच्या शेजारी उभं केलं. त्यांनी ते इतकं डौलात केलं की उघड्या डोक्याचा त्यांना स्वतःलाही विसर पडला. मार्थाच्या दुसऱ्या बाजूची जागा रिकामी होती. पाळकसाहेबांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. थोडं वाचून ते थांबले, चष्म्यावरून सगळ्यांकडे नजर फिरवली आणि म्हणाले, “या लग्नाविषयी कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर त्यानं ती आत्ताच सांगावी. नाहीतर यापुढं कायमचं गप्प राहावं.”

हे वाक्य दर लग्नात वाचतात आणि दर लग्नात त्यानंतर घटकाभर शांतता असते, हे चर्चमधल्या लोकांना माहीत होतं. जनाबाईला माहीत नव्हतं. तिला वाटलं, या माणसाला कळलंय. आत्ताच सांग नाहीतर कायमची गप्प राहा. तिच्याकडेच बघून म्हणाला.

ती खांबाआडून बाहेर आली आणि म्हणाली, “हाये.”

शमुवेल मास्तर पांढरा पडला, आता तोही सिहोऱ्याच्या वऱ्हाडात शोभला असता. पाळकसाहेबांनी तीस वर्षांत हा प्रश्न शेकडो वेळा विचारला होता आणि आजवर त्यांना एकदाही उत्तर मिळालं नव्हतं. पुढं काय करायचं ते पुस्तकात कुठंतरी होतं, पण पान सापडेना. शेवटी त्यांनी पुस्तक बोटांत तसंच धरून विचारलं की बाई, तुमची या लग्नाला हरकत आहे?

“लग्नाले कायले हरकत असन जी,” जनाबाई म्हणाली. “लग्न लागू द्या. चिठ्ठी आली होती. कवडूनं बराबर माह्या हातात देल्ली. मीच जाळली.”

मागं एक मोठा श्वास आत गेला, पंचवीस जणींचा मिळून. जनाबाईनं तिकडं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला पुढचं बोलताच आलं नसतं.

“पोरीनं मले तिच्याजवळ उभं राहाले बलावलं होतं. समद्याइनं रंगाचं नेसलं असतं तं मी एकटीच पांढऱ्यात दिसली असती. मंग मले मागं बसा लागलं असतं. मले लग्न पाहायचं होतं जी. येवढंच. आता सांगतलं, आता जातो मी भायेर.”

आणि ती खरंच दाराकडे निघाली. मार्था हाक मारायला वळली, पण पाळकसाहेबांनी हात वर करून दोघींनाही थांबवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पुस्तकात न बघता, पण पुस्तकातल्याच आवाजात, ते सिहोऱ्याच्या बाकांकडे बघून म्हणाले, “ही बाई नवरीच्या शेजारी उभी राहण्याला कोणाची हरकत असेल तर त्यानं ती आत्ताच सांगावी. नाहीतर यापुढं कायमचं गप्प राहावं.”

जनाबाई जागच्या जागी थिजली. गावात आजवर तिला कोणी नको म्हटलं नव्हतं, आणि ये असंही म्हटलं नव्हतं. ती आपणच उठून चुलीपाशी जायची आणि सगळे तिला जाऊ द्यायचे. असं उघड कोणी विचारलंच नव्हतं. आता विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला चाळीस माणसं समोर बसली होती, त्यातल्या पंचवीस जणी तिच्यावर दात खाऊन.

सगळ्यांचे डोळे शकुनबाईकडे वळले. थोरल्या जावेच्या लबाडीपायी सगळ्यांत जास्त सोसलं होतं ते तिनं. शकुनबाई उठली. तिचा पदर मागं घसरला आणि भांगातलं कुंकू सगळ्या चर्चला दिसलं, तिनं तो सावरलाही नाही. ती तरातरा चालत आली, तिनं जनाबाईचं मनगट धरलं, तिला ओढत पुढं नेलं आणि मार्थाच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर उभं केलं.

“उभी राह्य,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर पाहतो तुले.”

आणि ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली. बाकी कोणी ब्र काढला नाही. मागच्या बाकावर सीताबाईला मात्र हसू आवरेना, तिनं धोतराच्या पदरात तोंड खुपसलं. ते शेजारणीला लागलं, तिचं पुढच्या ओळीला, आणि बघता बघता पांढऱ्या बाकांवरून ते पोपटी बाकांवर गेलं. एस्तरबाई डोळे पुसता पुसता हसत होती. पाळकसाहेबांनी दोनदा खाकरून पाहिलं, मग स्वतःच हसले आणि हसणं ओसरेपर्यंत थांबले.

पुढं वचनं झाली. मग अंगठ्यांची वेळ आली. मार्थाच्या हातात मोगऱ्याचा आणि गुलाबाचा मोठा गुच्छ होता आणि अंगठीसाठी तिला हात मोकळे हवे होते. अशा वेळी नवरीची फुलं शेजारी उभी असलेल्या बाईनं धरायची, अशी त्यांची रीत. मार्थानं गुच्छ जनाबाईकडे दिला. जनाबाईनं आधी मागं बघितलं, कोणाला द्यायचाय म्हणून. मागं कोणी नव्हतं. तिनं तो घेतला. बावीस वर्षांत तिच्या हातात फूल आलं नव्हतं, देवाला सुद्धा ते दुसरंच कोणीतरी वाहायचं. तिनं गुच्छ दोन्ही हातांनी छातीशी धरला, मान खाली केली आणि इतका लांब वास घेतला की शमुवेल मास्तर अंगठी हातात धरून बघतच राहिला.

अंगठ्या झाल्या. प्रार्थना झाली. पेटी पुन्हा वाजायला लागली आणि नवरा-नवरी बाहेर जायला वळले. मार्थानं गुच्छ परत घ्यायला हात पुढं केला. मग पुन्हा एकदा केला. जनाबाईनं तिच्याकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, आणि ती काही परत दिली नाहीत.